हात धुवा मोहिमा: फलक झाले, शपथा झाल्या, साबण कुठाय?

तळटीप (धागाकर्ता)

परवा १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन पार पडला. २००८ पासून दर वर्षी पार पडतो. ओळीने उभी केलेली मुलं, फेसाळलेले हात वर, मागे कापडी फलक, बाजूला प्रमुख पाहुणे. एका फोटोत तर हात धुण्याच्या जागेला फीत बांधली होती. २०१४ साली याच दिवशी मध्य प्रदेशात १२,७६,४२५ जणांनी ठिकठिकाणी हात धुऊन गिनेस बुकात विक्रम नोंदवला. १६ ऑक्टोबरला त्यातल्या किती जणांनी धुतले, यासाठी विक्रम नसतो.

कामानिमित्त मला या विषयावरचे अभ्यास आणि अहवाल वाचावे लागतात. वाचून झालेलं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. हात धुवा मोहिमा बऱ्याचदा फसतात आणि त्याचं कारण लोकांचं अज्ञान नसतं. जंतूंमुळे रोग होतो हे खेड्यातल्या तिसरीच्या पोरालाही पाठ आहे. मोहीम आखणाऱ्यांना मात्र अजून वाटतं की सांगितलं की झालं.

जिथे थोडंफार यश आलं, ती एक गोष्ट सांगतो. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात 'सुपरअम्मा' नावाची मोहीम झाली. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या व्हॅलरी कर्टिस, अॅडम बिरन वगैरे मंडळी आणि बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतले लोक यामागे होते. एकूण १४ गावं, त्यातल्या ७ गावांत मोहीम आणि ७ तुलनेसाठी. जंतू, जुलाब, मृत्यू यांबद्दल अवाक्षर नाही. एक आई, मुलाला चांगलं वळण लावून मोठं करणारी. आणि दुसरीकडे 'लाडू लिंगम' नावाचा एक महाघाणेरडा इसम, माती आणि किडे कालवून लाडू वळणारा. पोरं किंचाळत, बाया तोंडाला पदर लावत. नाटुकली, कार्टूनपट आणि शेवटी गावासमोर शपथ.

मोहिमेआधी मोक्याच्या वेळी (शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी) साबणाने हात धुण्याचं प्रमाण होतं १ ते २ टक्के. सहा आठवड्यांनी १९ झालं, सहा महिन्यांनी ३७. तुलनेच्या गावांत त्या वेळी ६. नंतर त्या गावांतही आटोपशीर मोहीम केली, तेव्हा वर्षाअखेरीच्या मोजणीत दोन्हीकडे २९ टक्के भरले. २०१४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये हे छापून आलं.

घानामध्ये याच कर्टिसबाईंच्या संशोधनावरून टीव्हीवर जाहिरात केली होती. आई शौचालयातून बाहेर येते, हाताला जांभळा डाग, आणि तोच डाग मुलाच्या घासाला लागतो. तिथेही शिकवणी नाही, फक्त किळस.

आता प्रश्न असा, की ३७ टक्के म्हणजे यश म्हणायचं का? शंभरातल्या त्रेसष्ट वेळा साबण कोरडाच राहिला.

---

वऱ्हाडी ठेचा

फीत कापून हात धुणे! बाप्पा! मग ते पाणी कोणत्या मंत्र्याच्या हस्ते सोडलं?

बाकी लाडू लिंगम आमच्या गावात जिवंत आहे, चौकात पानटपरी चालवतो. त्याले मोहिमेत घेतलं असतं तर नट शोधावा लागला नसता.

---

अंकगणित

ते १-२ टक्के वाचून दचकला असाल तर थांबा. सरकारी आकडा पाहा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर २०१८) शौचानंतर साबणाने हात धुणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण ७४.१ टक्के आणि जेवणाआधी साबणाने धुणाऱ्यांचं ३५.८ टक्के आलं. जेवणाआधी नुसत्या पाण्याने धुतो म्हणणारे ६०.४ टक्के.

एकीकडे ७४, दुसरीकडे १-२. दोन्ही खरे कसे? सोपं आहे. पहिला आकडा दारात उभं राहून विचारून आलेला आहे. दुसरा घरात तासन् तास बसून बघून आलेला आहे. "साबणाने हात धुता का हो?" याला "नाही" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. जगभरात प्रत्यक्ष निरीक्षण करून झालेले अभ्यास एकत्र करून २०१४ साली एक अंदाज काढला होता. शौचानंतर साबणाने हात धुण्याचं प्रमाण १९ टक्के. त्यात श्रीमंत देशही आले बरं का, उगाच आपल्याच लोकांना नावं ठेवू नका.

आणि बघणंही पुरेसं नाही. बांगलादेशात संशोधकांनी साबणाच्या वडीच्या पोटात हालचाल नोंदणारं छोटं यंत्र लपवलं. निरीक्षक घरात बसलेला असताना वडीची हालचाल ३५ टक्क्यांनी वाढली! पाहुणा आला की आपण नाही का नवा टॉवेल काढत.

तेव्हा मोहीम यशस्वी झाली असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, मोजलं कसं? सभेत हात वर करायला सांगून मोजलं असेल तर तो आकडा तसाच वर सोडून द्या.

---

माणदेशी मास्तर

तळटीप, लेख आवडला. पण मुंबई-पुण्यात बसून किळस आणि वळण यावर चर्चा करणं सोपं. आमच्याकडे पहिला प्रश्न तोटीला पाणी आहे का हा असतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्याकडे हात धुण्यासाठी छान टाइल्स लावलेलं स्टेशन आहे, दहा तोट्या. वर टाकी. टाकीत पाणी टँकर आला तर. उन्हाळ्यात दहापैकी दोन तोट्या मी मुद्दाम चालू ठेवतो, बाकीच्या बंद करतो. नाहीतर पोरं सगळ्या उघड्या टाकतात आणि मधल्या सुट्टीच्या खिचडीपर्यंत टाकी रिकामी.

हिशोब करू. एका वेळी हात नीट धुवायला अर्धा लिटर धरा. दिवसातून आठ वेळा म्हटलं तर माणशी चार लिटर. पाच माणसांच्या घरात वीस लिटर, म्हणजे एक मोठा हंडा नुसता हातांसाठी. टंचाईत टँकरचं पाणी माणशी रोज २० लिटर धरतात. त्यातला पाचवा हिस्सा हात धुण्यात घालवा, असं तुम्ही त्या बाईला सांगणार, जिने तो हंडा रांगेत उभं राहून भरला? जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटरचं माप आहे. नळ आलेत, नाही म्हणत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते गावागावावर आहे.

साबणाचं सांगतो. शाळेत वडी ठेवली की जाते. चोरी नव्हे हो, कावळा नेतो. खरंच नेतो. उरलेली पोरं चिखलात पाडतात. आता मी कांद्याच्या जाळीदार पिशवीत वडी घालून तोटीला बांधतो. जाळीवरून हात चोळला की फेस येतो, वडी पडत नाही आणि कावळ्याचंही काही चालत नाही.

---

तळटीप

मास्तर, कांद्याची जाळी एक नंबर. तुम्ही पाण्याचा मुद्दा काढलात तो टाळून चालणारच नाही. २०२० सालच्या जागतिक आकडेवारीनुसार २३० कोटी लोकांच्या घरी साबण आणि पाणी दोन्ही असलेली हात धुण्याची जागा नव्हती. त्यातल्या ६७ कोटींकडे तर जागाच नव्हती. करोनाच्या साथीत सगळ्या जगाला "वीस सेकंद हात धुवा" सांगितलं जात होतं, तेव्हाची ही स्थिती.

तुमच्यासाठी एक उपाय. ढाक्याच्या आयसीडीडीआरबी या संशोधन संस्थेच्या लोकांनी बांगलादेशात साबणाच्या पाण्याची बाटली रुळवली. दीड लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम कपड्यांची पावडर, झाकणाला भोक. वडीपेक्षा कितीतरी स्वस्त. चोरण्यासारखं काही नाही, चिखलात पडत नाही. कावळ्यांच्या वतीने दिलगीर आहे.

---

खवचट काका

सगळं छान आहे. आता घरातल्या हत्तीबद्दल कुणी बोलणार का? म्हणजे ज्याचा साबण, त्याची मोहीम.

२००२ साली हिंदुस्थान लिव्हरने लाइफबॉयची 'स्वास्थ्य चेतना' काढली, गावोगावच्या शाळांत. हातावर पावडर लावायची, अतिनील दिव्याखाली चमकणारी घाण दाखवायची. २०१३ च्या अलाहाबाद कुंभात काय केलं आठवतंय? ढाब्यांच्या आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत माणसं बसवून पंचवीस लाख पोळ्यांवर डाग दिला, "लाइफबॉय से हाथ धोये क्या?" पोळीवर जाहिरात! जाहिरात जगताने बक्षिसं दिली. किती जणांनी पोळी बाजूला ठेवून उठून हात धुतले? आणि धुवायला साबण कुठे होता त्या गर्दीत?

केरळात २००२ च्या सुमारास जागतिक बँक, सरकार आणि साबण कंपन्या मिळून अशीच योजना आणत होते. तिथे बोंब झाली. वंदना शिवा वगैरेंनी विचारलं, की ज्या राज्यात बालमृत्यू देशात सर्वांत कमी, लोक दोनदा आंघोळ करतात, तिथे कंपनी स्वच्छता शिकवणार? योजना गुंडाळावी लागली.

मला साबणाचं वावडं नाही. पण खप वाढवणं आणि जुलाब कमी करणं ही दोन उद्दिष्टं एका पिशवीत घातली की पिशवी कुणाच्या खांद्यावर आहे ते बघावं.

---

शीतज्वर

काका, अर्धं मान्य. मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते.

कराचीच्या झोपडवस्त्यांत २००२-०३ मध्ये स्टीफन ल्यूबी यांच्या गटाने चाचणी केली. वर्षभर दर आठवड्याला कार्यकर्त्या घरी जायच्या, साबण फुकट द्यायच्या, कधी आणि कसे हात धुवायचे ते दाखवायच्या. १५ वर्षांखालच्या मुलांत जुलाब ५३ टक्क्यांनी आणि त्वचेवरच्या पिकणाऱ्या पुळ्या ३४ टक्क्यांनी कमी. ५ वर्षांखालच्यांत न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी. न्यूमोनिया! माझ्या ओपीडीत येणाऱ्या आयांना हे अजूनही पटत नाही, की हात धुण्याचा छातीशी काय संबंध. श्वसनाचे विषाणू हातावरून नाकाडोळ्यांत जातात, लहान मुलं तर बोटं तोंडातच ठेवून असतात.

आता काकांसाठी. या चाचणीला पैसा एका बहुराष्ट्रीय साबण कंपनीचाही होता. आणि निष्कर्ष काय आला? साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांच्यात काहीही फरक नाही. जंतुनाशक म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही, हे कंपनीच्याच पैशातून सिद्ध झालं. मुंबईतल्या गरीब वस्त्यांतही अशी एक चाचणी झाली, २०१४ साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षांच्या मुलांमध्ये जुलाबाचे प्रसंग २५ टक्क्यांनी कमी, शाळा बुडण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी. तीही साबण कंपनीने केलेली. तिथे तुमची शंका रास्त आहे, मीही तो आकडा जरा कमी धरून चालते.

पण कराचीची पुढची गोष्ट ऐका. मोहीम थांबली, फुकट साबण थांबला. दीड वर्षाने जाऊन पाहिलं, तर त्या घरांत हात धुण्याच्या जागी साबण-पाणी असण्याचं प्रमाण शेजाऱ्यांपेक्षा जास्त होतं, पण जुलाबात फरक उरला नव्हता. म्हणून "मोहीम यशस्वी" हे मोहीम चालू असताना जाहीर करू नये. हे माझं तळटीप यांनाही सांगणं आहे. चित्तूरचे आकडे हात धुण्याचे आहेत, आजाराचे नाहीत. तिथे जुलाब मोजलेच नव्हते.

---

पाटावरवंटा

एवढे आकडे आले, आता थोडं आमच्या मोरीकडे बघा.

आपल्याकडे जेवल्यावर हात न धुणारा माणूस दाखवा. एकही सापडणार नाही. बोट खरकटं असताना कुणी दाराच्या कडीला हात लावला तर माझी सासू घर डोक्यावर घेते. उष्टं, खरकटं, विटाळ, सोवळं-ओवळं यात आपण पिढ्यान् पिढ्या मुरलेलो. म्हणजे हात धुण्याची सवय नाही असं म्हणूच नका. सवय आहे, पण ती जेवणानंतरची. आधी काय करतो? ताटावर बसता बसता चार बोटांवर पाणी. कारण हात दिसायला स्वच्छ. भाताचा कण चिकटलेला दिसतो, जंतू दिसत नाही. मोहिमांनी आपल्याला किळस येते कशाची हे बघितलं, तर अर्धं काम घरातच तयार आहे. पण त्यात धोकाही आहे. आपली शिवाशिव हातापाशी थांबत नाही, माणसापर्यंत जाते. किळस वापरून मोहीम करणाऱ्यांनी आपल्या देशात जरा जपून.

आजीच्या वेळी परसाकडून आलं की माती नाहीतर चुलीतली राख लावून हात घासायचे. साबण कपड्यांना आणि पाहुण्यांना. राख काय वाईट होती? घासणं तर भरपूर व्हायचं.

आणि दुसरं. प्रत्येक मोहिमेत आईच का हो? सुपर अम्मा, अम्माने शपथ घेतली, अम्माने बाळाचे हात धुतले. अप्पा कुठे होता? पाणी अम्माने आणायचं, साबणाचे पैसे अप्पाच्या खिशात. सहा महिन्यांनी ३७ टक्क्यांवर अडकलं याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

---

वऱ्हाडी ठेचा

अप्पा पानटपरीवर होता. वर सांगितलं ना.

---

शीतज्वर

राखेबद्दल: घासण्यामुळे बराच मळ निघतो हे खरं, बांगलादेशातल्या जुन्या अभ्यासांत राख आणि माती साबणाच्या जवळपास पोचल्या होत्या. पण परसातली माती घ्याल तर त्यात कोंबड्या-शेळ्यांची विष्ठा असू शकते. चुलीतली राख त्या मानाने बरी. काहीच नसेल तर नुसतं पाणीही शून्य नाही. लंडनमध्ये एक प्रयोग झाला होता, लोकांनी सार्वजनिक ठिकाणचे कठडे-मुठी हाताळल्यावर त्यांचे हात तपासले. न धुतलेल्या हातांवर ४४ टक्के वेळा विष्ठेतले जीवाणू सापडले, नुसत्या पाण्याने धुतल्यावर २३ टक्के, साबणाने धुतल्यावर ८. तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या चार बोटांच्या पाण्यालाही थोडे गुण देते.

---

नैरोबीकर

कामासाठी बारा-पंधरा वर्षं केनियात आहे. इथली बाजू मांडतो.

काकामेगा, बुंगोमा, विहिगा या पश्चिमेकडच्या भागांत एक मोठी चाचणी झाली. तीच चाचणी बांगलादेशातही समांतर चालली होती, दोन्हींचे निकाल २०१८ साली एकत्र आले. हात धुणं, शौचालय, पाण्यात क्लोरीन, पोषण, असे वेगवेगळे गट. बांगलादेशात हात धुण्याच्या गटातल्या लहान मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण ३.५ टक्के होतं, तुलनेच्या गटात ५.७. केनियात फरक शून्य. आणि मुलांची उंची वाढेल अशी जी आशा होती, ती हात धुण्याने दोन्हीकडे पूर्ण झाली नाही.

का, यावर इथे बरीच चर्चा ऐकली. एक कारण सगळे देतात. बांगलादेशात कार्यकर्त्या महिन्यातून साधारण सहा वेळा घरी जायच्या, केनियात फार तर महिन्यातून एकदा. शिवाय इथे घरं लांब लांब, डोंगरउतारावर. बांगलादेशात एका अंगणाभोवती चार घरं.

टिपी टॅप तुम्ही पाहिला असेल. प्लास्टिकचा कॅन दोरीने टांगायचा, दुसरी दोरी पायाखालच्या काठीला. पायाने काठी दाबली की कॅन वाकतो, बारीक धार पडते, हाताने काही धरावं लागत नाही. मूळ झिम्बाब्वेचा. पाणी फारच कमी लागतं, मास्तरांच्या अर्ध्या लिटरचं गणित यात खूप खाली येईल. अडचण एकच, दोरी तुटते, कॅन उन्हाने तडकतो, बकरी काठी पळवते. दुरुस्त कोण करणार हे ठरलेलं नसेल तर दोन महिन्यांत फक्त दोन खांब उरतात.

---

अंकगणित

महिन्यातून सहा भेटी. बास, इथेच सगळं अडतं. १४ गावांत नाटुकलं करणारे चांगले नट मिळतात. १४ हजार गावांत कोण करणार?

बांगलादेशातच सरकार आणि युनिसेफने २००७ पासून दोन कोटी लोकांसाठी स्वच्छतेचा मोठा कार्यक्रम राबवला, हजारो स्थानिक कार्यकर्ते नेमले. मूल्यमापन झालं तेव्हा मुलांच्या जुलाबात फरक दिसला नाही आणि हात धुण्यातही नगण्यच. पेरूमध्ये जागतिक बँकेच्या मदतीने असंच झालं. रेडिओ आणि पोस्टरवाल्या मोहिमेचा परिणाम जवळजवळ शून्य. शाळा आणि वस्तीपातळीवर जिथे सखोल काम झालं तिथे सवयी थोड्या बदलल्या, आजारपण नाही.

लहान चाचणी उत्तम, मोठा कार्यक्रम कोरडा. हे लसीच्या बाबतीत होत नाही, कारण लस एकदा टोचली की झालं. हात मेले दिवसातून आठ वेळा धुवावे लागतात, रोज, मरेपर्यंत.

---

तळटीप

अंकगणित, म्हणूनच माझा जीव आता भाषण सोडून भिंतीवरच्या पेटीत अडकलाय.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. घरात जेवणाच्या जागेजवळ द्रवसाबणाची पेटी बसवली, आत प्रत्येक दाबण्याची वेळ नोंदणारा सेन्सर. म्हणजे तुमचा मोजणीचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला. कुणी घरात बसून बघायला नको, विचारायला नको. रात्रीच्या जेवणाआधी वापरलं तर काही घरांना बक्षिसाची कुपनं, काहींना नुसती पेटी. बक्षिसाने वापर वाढला हे खरंच, पण नुसती पेटी मिळालेल्या घरांतही मुलांचे जुलाब कमी झाले आणि काही महिन्यांत वजन-उंचीत फरक दिसला. नैरोबीकरांनी सांगितलेल्या निकालाच्या हे उलट जातं, म्हणून एका प्रयोगावर नाचायला नको. पण पेटी डोळ्यासमोर, हाताच्या अंतरावर, ठरलेल्या वेळी. एवढंच होतं त्यात.

बांगलादेशातल्या दोन शाळांत त्याहून स्वस्त काम केलं. शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत सिमेंटची वाट केली आणि तिच्यावर रंगीत पावलं काढली. धुण्याच्या जागी हाताचे ठसे. भाषण नाही, फलक नाही. शौचानंतर साबणाने हात धुण्याचं प्रमाण आधी ४ टक्के होतं, दुसऱ्या दिवशी ६८ झालं, सहा आठवड्यांनी ७४. शाळा दोनच, हे मीच सांगून टाकतो, नाहीतर अंकगणित सांगतील.

इराकच्या विस्थापितांच्या छावणीत पारदर्शक साबणाच्या आत खेळणं घालून दिलं. खेळणं बाहेर काढायचं तर हात धुत राहायचं. ती मुलं इतरांच्या चौपट वेळा हात धुताना आढळली. जंतूंचा पाठ कुणीही घेतला नव्हता.

करोनात आपल्याकडे बँका, ग्रामपंचायती, सोसायट्यांच्या दारात पायाने चालणारे बेसिन बसले होते ते आठवा. लोक वापरायचेही. आता आमच्या इथल्या एका बेसिनमध्ये तुळस लावली आहे. निदान तिला रोज पाणी मिळतं.

---

खवचट काका

खेळणं संपल्यावर काय, दुसऱ्या खेळण्याचं टेंडर?

पण पावलांची कल्पना आवडली. त्यात कुणाला काही विकता येत नाही, रंगाचा डबा सोडून.

---

माणदेशी मास्तर

पावलं करणार. आमच्याकडे शौचालयापासून तोट्यांपर्यंत फरशी आधीच आहे, वीसेक पावलांची. रंग बोलक्या भिंतींच्या कामातला उरलाय, लाल आणि पिवळा. सातवीच्या पोरांचेच पाय बुडवून ठसे घेतो, म्हणजे स्वतःचं पाऊल शोधत तरी येतील.

साबणाच्या पाण्याची बाटलीही करून बघतो. शंका एवढीच, कपड्यांच्या पावडरीने लहान पोरांचे हात फुटत नाहीत का? आमच्याकडे थंडीत आधीच भेगा पडतात.

पाटावरवंटाताई, अप्पांचा मुद्दा पोचला. पुढच्या पालकसभेला आयांऐवजी बापांना बोलावतो. येतील की नाही ते बघू, सभेच्या दिवशी सगळ्यांना नेमका शेतात पंप बघायचा असतो.

---

शीतज्वर

मास्तर, ३० ग्रॅमला दीड लिटर हे बरंच पातळ होतं, शिवाय नंतर पाण्याने धुतलं जातं. तरी ज्या मुलांना आधीपासून खाज किंवा चिरा आहेत, त्यांच्यासाठी जाळीतली साधी आंघोळीची वडी राहू द्या. बाटलीवर ठळक काहीतरी चिकटवा, पहिलीतली पोरं पिऊन बघतील.

---

अंकगणित

आणि मास्तर, कृपा करून मोजा. पोरांना विचारू नका, त्यांना उत्तर माहीत आहे. पावलं रंगवायच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर, बाटलीत रोज किती उरलं त्यावर खूण करा. सुट्टीनंतर जूनमध्ये पुन्हा एकदा करा. तो जूनचा आकडा इथे टाका, बाकीचे नाही टाकलेत तरी चालतील.

---

माणदेशी मास्तर

खुणा करतो. पण जूनमध्ये टाकीत पाणी असेल तर.